गोंदाफुलाला आलेली सवत

आमच्या ठमाबाईला हेवा कशाचा वाटत नसे ते सांगणं अगदी सोपं, कारण तसं काही नव्हतंच. ठमाबाई म्हणजे माझी बायको. शेजारच्या लटारूच्या वेलाला आमच्यापेक्षा मोठा भोपळा लागला, तर तो निघेपर्यंत ती त्या वेलाकडे पाठ करून भांडी घासायची. माझ्या बहिणीला मुलगा झाला तेव्हा लुगडं-झबलं घेऊन गेली, बाळाला मांडीवर घेतलं, त्याची दृष्ट काढली, आणि परतीच्या वाटेवर मला म्हणाली, "नाक मात्र आपल्या बाबूचंच चांगलं आहे." एकदा मला हिवताप आला. गावातल्या बाया विचारपूस करायला येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ही पण गोधडी घेऊन माझ्या बाजूला आडवी. म्हणे, "मले बी हुडहुडी भरली." अंगाला हात लावला, तर मडक्यासारखं गार!

यावरून कोणी तिला कोत्या मनाची समजेल, म्हणून आधीच सांगतो. ज्याच्यावर तिचा जीव नाही, त्याच्या घरावर सोन्याची कौलं चढली तरी ती मान वर करून पाहायची नाही. जीव असेल तिथंच हेवा. आणि गावात तिचा सगळ्यात जास्त जीव कोणावर, तर गिरजाबाईवर. माझा नंबर त्यानंतरचा. मी कधी तक्रार केली नाही. दुसरा नंबरही काही वाईट नसतो.

गिरजाबाई ढिवराच्या घरची. तिचा नवरा वैनगंगेत जाळं टाकायचा. या दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन गावात आल्या, आणि गावातलं कोणीच ओळखीचं नाही म्हणून एकमेकींना धरून राहिल्या. ठमाबाईचं माहेर कोरचीकडचं, पार छत्तीसगडाच्या सीमेवरचं. तिकडे बायाबायांत फूल बांधायची रीत आहे. चार बायांसमोर एकीनं दुसरीच्या कानावर फूल खोवायचं, दुसरीनं पहिलीच्या, खोबरं एकमेकींच्या तोंडात घालायचं, की झाल्या त्या सख्ख्या बहिणींपेक्षा सख्ख्या. जे फूल खोवलं तेच दोघींचं नाव. खरं नाव त्यानंतर तोंडातून काढायचं नाही. मोडायचं झालं तर तेही सोपं करून ठेवलंय: चार बायांसमोर फूल परत हातात द्यायचं आणि खऱ्या नावानं हाक मारायची. एक हाक, आणि सगळं संपलं. मेल्यागेल्याचंसुद्धा नातं उरत नाही.

ठमाबाईनं ही रीत माहेरून आणली आणि गिरजाबाईला शिकवली. गोंद्याचं, म्हणजे झेंडूचं फूल बांधलं. तेव्हापासून ही तिला गोंदाफूल म्हणते आणि ती हिला गोंदाफूल म्हणते. नव्या माणसाला वाटायचं, गावात एका नावाच्या दोन बाया आहेत.

छप्पन साली आम्ही चांद्याला जाऊन दीक्षा घेतली. घरातले देव गेले, जुन्या रीती गेल्या. वस्तीतले म्हातारे देवराव ठमाबाईला म्हणाले, "बाई, ते फूलगील बी आता सोडून दे."

ती म्हणाली, "देव सोडले ना मामाजी. हे देव नोहे, मानूस आहे. मानूस काऊन सोडू?"

देवरावांनी बिडी पेटवली आणि विषय विझवला.

तर असं ते नातं. त्याच्यावर गदा आली ती डेन्मार्कहून. आता हसू नका, खरंच सांगतो.

शहाऐंशीची दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या गावच्या शाळेची सहल त्या काळी जवळच्या मार्कंड्याच्या देवळापर्यंत जायची. थोडं बैलबंडीनं, थोडं डोंग्यानं, म्हणजे लहान होडीनं. एखादं पोरगं डोंग्यात घाबरून रडलं, की ती सहल साहसाची समजायची. अशा गावात चांद्याच्या एका संस्थेच्या कांताताई जीपमधून आल्या आणि सरपंच भैयाजींच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "परदेशातली एक शाळा तुमच्या गावाला सहलीला येतेय."

भैयाजी म्हणाले, "सहलीले? इथी? पाहाले काय आहे बाई इथी?"

"पाहायला नाही, राहायला येताहेत. सोळा-सतरा वर्षांची मुलं आहेत. तिकडे अशा शाळा असतात. वर्षभर तयारी करायची आणि मग दूरदेशी जाऊन तिथल्या माणसांत राहायचं. धान कापतील, नाल्यावर बांध घालतील, नदीत उतरतील, मचाणावर बसून शेत राखतील. हेच त्यांचं शिक्षण."

लटारू ओट्याखाली उभा होता. तो म्हणाला, "असं असन तर आमचे पोरं जनमापासून सहलीवरच आहेत म्हना!"

आली ती पोरं. विमानातून, रेल्वेतून, एस.टी.तून, आणि शेवटचा तुकडा पायी, कारण नाल्यात गाडी फसली होती. पाठीवर डोक्यापेक्षा उंच पिशव्या, चिखल गुडघ्यापर्यंत, आणि सगळी हसत होती! नाल्यात गाडी फसली म्हणून खूश झालेली माणसं आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिली. सुट्टीमुळे शाळा रिकामी होती, तिथं त्यांचा मुक्काम पडला. जेवायला मात्र दोन-दोन पोरं एकेका घरी वाटून द्यायची ठरली.

आणि गावाला हेव्याचा ताप चढला. पोरं कोणाच्या घरी, किती, मुलं की मुली, कोणाकडे भात किती खाल्ला, यावरून बोरिंगवर, म्हणजे हापशावर, घागरी आपटू लागल्या. आमच्या वस्तीपर्यंत वाटणी येईस्तोवर पोरं संपली. गिरजाबाईचा मुलगा बिरजू पंचायतीत मेंबर होता, म्हणून तिला दोन मुली मिळाल्या. एकीचं नाव मेट्टे, दुसरीचं डोर्ते.

त्या दोघी त्यांच्या गावाकडे एकाच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणी. मेट्टे म्हणजे वाऱ्याची पोर. डोंग्यात उभी राहायची, पाण्यात पडायची, वर येऊन परत उभी राहायची. डोर्ते गोरी, गोल, हळू बोलणारी. नाल्यातच तिचा पाय मुरगळला होता. पायाला पट्टी बांधून ती शाळेच्या ओसरीवर बसून राहायची आणि तिचं ताट बिरजू तिकडे पोचवायचा.

भैयाजींच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कापणी सुरू होती. मी पेंड्या बांधायला होतो, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. कापणीच्या ओळीत ठमाबाई आणि गिरजाबाईची जागा ठरलेली, शेजारी-शेजारी. विळे एका तालात चालायचे आणि तोंडं त्याहून जोरात. त्या दिवशी गिरजाबाईनं मेट्टेला आणलं आणि दोघींच्या मधोमध उभं केलं. म्हणाली, "मधात राह्यली म्हंजे दोघी मिळून शिकवू."

ठमाबाईनं विळा उचलला आणि ओळीच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली.

रुखमाबाईनं लगेच विचारलं, "काय व ठमाबाई, आज इतक्या दूर?"

"तिकडलं धान चांगलं आहे."

"धान तर सारखंच दिसून राह्यलं. दुसरंच काही वाकडं असन."

बाया फिदीफिदी हसल्या. मेट्टेला काही कळलं नाही, म्हणून तीही हसली. ठमाबाईच्या जिवाला ते तिचं हसणंच जास्त लागलं.

दुपारी मोहाच्या झाडाखाली भाकरी सोडल्या. गिरजाबाईकडे सुक्या झिंग्यांची चटणी असायची आणि तिचा पहिला घास तीस वर्षं ठमाबाईचा. त्या दिवशी तो मेट्टेच्या पानात पडला. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटानं. गिरजाबाईनं तिचं तोंड पुसलं, तिला पुढ्यात बसवून तिच्या पिवळ्या केसांतली धानाची कुसळं काढली, आणि हातानंच वेणी घालायला घेतली. तशी ती पोर एकदम रडायला लागली. आता तिखटाचं रडणं आणि हे रडणं यात फरक असतो, तो आम्हालाही कळला. पोरांसोबत आलेल्या कांताताईंनी विचारून सांगितलं, "मागच्या वर्षी हिची आई वारली. त्यानंतर केसांना कोणी हात लावला नव्हता."

गिरजाबाई उठली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणी गोंदा लावलेला होता, त्याची दोन फुलं तोडून आणली. एक पोरीच्या कानावर खोवलं, एक तिच्या हातात देऊन आपल्या कानाकडे बोट दाखवलं. खोबरं नव्हतं, म्हणून गुळाचा खडा दातानं तोडून अर्धा तिच्या तोंडात घातला. चार काय, चांगल्या दहा-बारा बाया बसल्या होत्या.

मी ठमाबाईकडे पाहिलं. तिनं अर्धी भाकरी फडक्यात परत बांधून ठेवली होती.

संध्याकाळी बोरिंगवर भांडण झालं. मी दांडा मारत होतो, म्हणून पळताही आलं नाही.

"गोंदाच काऊन बांधला तिले?" ठमाबाईनं विचारलं.

गिरजाबाई म्हणाली, "मंग काय बांधू? धुऱ्यावर शेवंती होती का?"

"तेरड्याचं बांधाचं, कोहळ्याचं बांधाचं! फुलं मेले होते का दुनियेतले? गोंदा माझा होता."

"अव, बिनमायची पोर आहे ते. समुद्राच्या पलीकडून आली. इथी कोन आहे तिले?"

"अन् मले कोन आहे?"

"तुले अख्खं घर आहे! नवरा आहे, लेक आहे, सून आहे." आणि माझ्याकडे हात करून म्हणाली, "हा एवढा मोठा मानूस दांडा हालवून राह्यला, दिसत नाई का?"

"त्याईले मी माहेराहून नाई आनलं," ठमाबाई म्हणाली. "फूल आनलं होतं. रीत माझी, अन् माझ्याच रीतीनं तू माझ्यावर सवत आनली. मंडईच्या दिवशी चार बायांसमोर तुझं फूल तुले वापस करतो अन् नावानं हाक मारतो. पाह्यजो मंग."

गिरजाबाईची घागर भरून वाहत होती. ती तशीच उचलून निघून गेली. मी दांडा मारतच राहिलो. थांबलो असतो तर मला विचारलं गेलं असतं.

मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, आठवड्यावर आली होती. मी घरी समजावून पाहिलं, "अव, पोरगी थोड्या दिवसांत आपल्या देशाला जाईल. तुमचं जन्माचं आहे." ठमाबाई म्हणाली, "तुमाले समजत नाई. तुमी पेंड्या बांधा."

दुसऱ्या दिवशी ती तरातरा शाळेकडे निघाली, कांताताईंना सांगायला की तुमच्या पोरीला आवरा. मी पोरांच्या आंघोळीचं पाणी तापवायला लागणारं सरपण घेऊन मागोमाग गेलो. कांताताई पोरांना घेऊन नाल्याच्या बांधावर गेलेल्या. ओसरीवर फक्त डोर्ते होती, पाय लांब करून बसलेली, आणि दूर शेतात मेट्टेचं पिवळं डोकं हलताना दिसत होतं, तिकडे टक लावलेली.

ठमाबाईनं ती नजर ओळखली. का नाही ओळखणार? आरशातली ओळखीची होती.

ती तिच्या शेजारी बसली. म्हणाली, "तुले बी सोडून गेली का व ते?"

डोर्ते तिच्या भाषेत काहीतरी बोलली. त्यात 'मेट्टे' दोनदा आलं.

"तेच म्हनतो मी!" ठमाबाई म्हणाली. "संग आनाचं, अन् मंग टाकून पळाचं. माझं बी असंच आहे, बाई. तीस वर्सं झिंग्याचा पहिला घास माझा होता."

डोर्तेनं हात हलवत लांबलचक सांगितलं. कधी शेताकडे बोट, कधी स्वतःच्या पायाकडे. ठमाबाई मान डोलावत होती, मध्येच "हो ना", मध्येच "शरम बी नाई वाटत". एका शब्दाची ओळख नाही आणि एक शब्द वाया गेला नाही. मी सरपण रचत होतो. मुद्दाम एकेक काडी रचली, इतकं ते ऐकण्यासारखं होतं.

त्या दिवसापासून ठमाबाई रोज दुपारी शाळेत. तांदळाची भाकर, जवसाची चटणी, पायाला लावायला हळद. डोर्ते या नावाचं तिनं धुरपता करून टाकलं. घरी येऊन मला सांगायची, "धुरपतेची आई चांगली आहे, पन भाऊ आळशी आहे." मी म्हणायचो, "तुला कसं कळलं?" तर म्हणे, "तिनंच सांगतलं." गावात मात्र कुजबुज झाली की ठमाबाईनंही गोरी पोर धरली. ते ऐकून ती अशी काही खूश झाली की लटारूच्या भोपळ्याकडे तोंड करून भांडी घासली. गिरजाबाईकडे मात्र पाहिलं नाही. बोरिंगवर एक आली की दुसरी निघायची.

मंडईचा दिवस उजाडला. दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, करणाऱ्यांचे ढोल सकाळपासून वाजत होते. आमच्या वस्तीच्या मागच्या मैदानात दुकानं लागली, बांगड्या, जिलेबी, मातीची खेळणी, आणि मधोमध हातानं फिरवायचा लाकडी आकाशपाळणा. ठमाबाई पांढरं लुगडं नेसली आणि अंगणातलं गोंद्याचं फूल तोडून मुठीत धरलं. मी म्हटलं, "अजून विचार कर." ती म्हणाली, "केला." एका हाताला फूल आणि दुसऱ्या हाताला लंगडत चालणारी डोर्ते, अशी ती निघाली. मी मागं.

बातमी सगळ्या गावाला होती. बांगड्यांच्या दुकानापाशी रुखमाबाई आणि बाकीच्या बाया बांगड्या न घेता उभ्या होत्या. समोरून गिरजाबाई आली, सोबत मेट्टे, कानावर फूल. दोघी समोरासमोर थांबल्या. गिरजाबाईचा चेहरा उतरलेला होता. रात्रभर झोपली नसावी. ती हळूच म्हणाली, "म्हन. जे म्हनाचं ते म्हनून टाक."

ठमाबाईनं मूठ पुढं केली. तोंड उघडलं. खरं सांगतो, ढोल वाजत होते, पण मला ऐकू येईनासे झाले.

तेवढ्यात डोर्तेला आकाशपाळणा दिसला. तिनं "मेट्टे!" अशी हाक मारली आणि वर बोट केलं. मेट्टेनं पाहिलं, किंचाळली, आणि गिरजाबाईचा हात सोडून तिच्याकडे धावली. दोघींनी एकमेकींच्या कमरेला विळखा घातला, आणि एक उड्या मारत, एक लंगडत, गेल्या की गर्दीत! मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांच्यातलं काय बिनसलं होतं आणि कधी मिटलं, देव जाणे. त्या वयात ते असंच मिटतं.

ठमाबाईचा एक हात रिकामा झाला आणि गिरजाबाईचाही. दोघी त्या गर्दीकडे पाहत राहिल्या. पाळणा फिरायला लागला. वरून दोन पिवळी डोकी दिसली, हसताना, ओरडताना. मेट्टेच्या कानावरचं फूल उडून कुठं पडलं, तिला पत्ताही नव्हता.

"पाह्यलं का?" गिरजाबाई म्हणाली.

"पाह्यलं," ठमाबाई म्हणाली. "हळद लावून लावून पाय बरा केला, तो ह्याच्यासाठी."

"मी तर केसं विंचरून देले रोज. चटनी देली."

"माझ्या वाट्याची."

"हो व, तुझ्याच वाट्याची. खाऊन गेली अन् पाह्य."

"जाऊ दे. पोरीच त्या. फिराले आल्या, फिरतीन. आपल्यासाठी थोड्याच आल्या?"

बाया अजून वाट पाहत होत्या. रुखमाबाईला राहवलं नाही. "अव ठमाबाई, मोडतेस का नाई? आमाले बांगड्या घ्याच्या आहेत."

ठमाबाई तिच्यावर उखडली, "तुले काय करनं आहे व? तुझं तोंड बांगड्याइकडे कर! चल गोंदाफूल, इथी लई गर्दी झाली."

गिरजाबाईनं पदर तोंडाला लावला. रडली की हसली, मला मागून दिसलं नाही. ठमाबाईनं मुठीतलं फूल माझ्या हातात कोंबलं. चुरगळून त्याचा लगदा झाला होता.

पण दोघी दुकानांकडे वळल्या नाहीत. पाळण्याखाली जाऊन उभ्या राहिल्या, माना वर करून. पोरी वर जायच्या, किंचाळायच्या, खाली यायच्या. दोघींच्या चेहऱ्यावर तोच हेवा होता, आणि या खेपेला तो दोघींनी मिळून केलेला होता.

"समुद्र ओलांडून येतात अन् आपल्याच मंडईत आपल्या वरून फिरतात," ठमाबाई म्हणाली.

"तू बसली का कधी याच्यात?"

"नाई. तू?"

"माझ्या बापानं नाई बसू देलं. मंग नवऱ्यानं."

दोघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी चपला धरायला हात पुढं केले.

पोरी उतरल्या तशा या दोघी चढल्या. पाळणेवाल्यानं विचारलं, "म्हाताऱ्या बायांहो, चक्कर येईन, बसता का खरंच?" ठमाबाई म्हणाली, "तू ढकल!" त्यानं ढकललं. पहिल्या फेरीला दोघींनी डोळे मिटून एकमेकींना घट्ट धरलं. दुसरीला डोळे उघडले. मेट्टे आणि डोर्ते खाली टाळ्या वाजवत होत्या, त्यांची पुन्हा बसायची घाई दिसत होती. वरून दोघींनी पाहिलं आणि पाळणेवाल्याला ओरडून सांगितलं, थांबवू नको म्हणून.

मग पाळणा अगदी टोकाला असताना ठमाबाईचा आवाज आला, "अवो! घर दिसते आपलं! दार उघडं ठेवून आले तुमी!"

मी चपला तिथंच टाकून धावलो. घरी जाऊन पाहतो, तर दार बंद. कडी लागलेली, कडीला कुलूप. 'आता उतरा' म्हणायला मी खाली नको, म्हणून मला पिटाळलं होतं. माघारी येईपर्यंत दोघींनी पाळण्यावर पुन्हा ठाण मांडलं होतं, आणि खाली त्या दोन गोऱ्या पोरी तोंड फुगवून रांगेत उभ्या होत्या.